हजेरीत एक जास्त

सोमवार, ३

मी आयुष्यात पुष्कळ सोसलं आहे. मिशनची तीस वर्षांची नोकरी, बावीस केंद्रांच्या पाहण्या, आणि पाहणीला आल्याबद्दल ऐकवलेली शेकड्याने स्वागतगीतं, त्यातली निम्मी बेसूर. पण बिनकानाचा कप मला आजवर कुणी दिला नव्हता. आज दिला.

कप गरम. एका हाताने धरता येत नाही. एक हात काठाला, एक बुडाला, अशी कसरत. त्यासाठी फाइल खाली ठेवावी लागली, पेन खिशात घालावं लागलं, आणि पाहणी अधिकारी म्हणून जो काही रुबाब मी दारातून आत आणला होता तो वाफेबरोबर उडून गेला. मेजावर आणखी सहा कप होते. सहाही कानवाले. या अन्यायाची नोंद मी इथे करतो, कारण अहवालात त्यासाठी रकाना नाही.

बाकी रकाने चौदा आहेत. भेटी किती, पत्रकं किती वाटली, निर्णय किती (म्हणजे प्रभूला स्वीकारायचं किती जणांनी ठरवलं), बाप्तिस्मे किती. हे केंद्र म्हणजे बसदुरुस्तीच्या आवारासमोरची एक खोली. पूर्वी इथे कापड रंगवण्याचं दुकान होतं. फरशीवर निळेजांभळे डाग अजून आहेत. खोली चालवते एक एकाहत्तर वर्षांची बाई, तिला सगळे मावशी म्हणतात. मिशनने तिला इथे पाठवून तेवीस वर्षं झाली. तेवीस वर्षांत बाप्तिस्मे दोन. त्यातला एक गाव सोडून गेला आणि दुसरा मावशीचा सख्खा भाऊ.

नियम असा आहे : रोजच्या प्रार्थनेची वर्षभराची सरासरी हजेरी पाचाच्या आत आली की केंद्र बंद. इथली सरासरी वहीत पाच पूर्णांक चार आहे. मिशनच्या चिटणीस साहेबांना हा आकडा खुपतो. मी निघताना ते म्हणाले, "जरा नीट तपासा. खोलीला गिऱ्हाईक आहे. मावशींची सोय आपण वृद्धाश्रमात केलेली आहे. आणि हो, इथे मुख्य कार्यालयात एक जागा रिकामी होतेय. बसून करायचं काम आहे. तुमचे गुडघे आठवले मला."

माझे गुडघे आजवर कुणाला आठवले नव्हते.

मंगळवार, ४

सकाळभर मावशीने भरून ठेवलेले अर्ज वाचले.

'या महिन्यात निर्णय घेतलेल्या व्यक्ती' या रकान्यात लिहिलंय : शिंपिणीने निळं कापड घ्यायचं ठरवलं. 'पत्रकं वाटप' : टेबलाचा पाय आखूड होता, चार पत्रकं घडी घालून खाली घातली, आता हलत नाही. आणि पहिल्याच पानावर, जिथे बाकीची केंद्रं 'समाजाच्या सर्वांगीण उन्नतीसाठी सुवार्ताप्रसार' वगैरे छापील मजकूर उतरवतात, तिथे 'केंद्राचा उद्देश' यासमोर : देवाला भेटायचं आणि मजा करायची. बाकीचे आले तर त्यांनाही घ्यायचं.

मी विचारलं, "मावशी, ही थट्टा आहे का?"

"कुठली?"

"मजा करायची म्हणे."

"मग काय लिहू?" तिने चष्मा कपाळावर ढकलला. "आनंद लिहिणार होते. पण आनंद म्हटलं की लोक तोंड लांब करतात."

संध्याकाळी बायकोचा फोन. तिला हे सगळं सांगितलं. ती खूप हसली, माझ्या मते गरजेपेक्षा जास्त. मग म्हणाली, "अहो, त्या बाईला विचारा ना, मला येता येईल का तिथे?" मी म्हटलं, हे पर्यटनस्थळ नाही.

बुधवार, ५

चारला आवारात पाळी सुटते. चार वाजून दहा मिनिटांनी प्रार्थना.

आले कोण? टायरवाला : आवारात टायर बदलणारा, हात कोपरापर्यंत काळे, आवाज हॉर्नसारखा. शिंपीण : शेजारच्या दुकानातली, तोंडात टाचण्या धरून बोलते. निवृत्त कंडक्टर : चाळीस वर्षं बसमध्ये माणसं मोजली, आता घरी मोजायला सूनच तेवढी आहे. आणि मावशी. एकूण चार. आज पाचवं कुणी नव्हतं. मी भिंतीजवळच्या खुर्चीवर बसलो आणि आधीच स्पष्ट केलं की मला धरू नका, मी पाहणीसाठी आहे.

"बरं," मावशी म्हणाली. "तुम्ही हजर नाही. चहा घ्या."

पुन्हा तोच कप.

इथली एक रीत अशी की प्रार्थना चालू असताना जो आधी हसेल त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. मोरीजवळ एक पाटी टांगलेली आहे, त्यावर कुणाकडे किती पाळ्या बाकी आहेत ते खडूने लिहिलेलं असतं. टायरवाल्याच्या नावापुढे अकरा. मी विचारलं, देवाच्या दारात हा काय प्रकार? मावशी म्हणाली, "मीच सुरू केला. सुरुवातीला ही मंडळी खुसूखुसू हसायची. म्हटलं, शिक्षा लावली की बंद होईल."

"मग?"

"पहिलं वर्षभर सगळ्यात जास्त कप मीच विसळले."

मी तीस वर्षं प्रार्थनासभांना जातो आहे. डोळे मिटून, मान खाली घालून, मनात पुढच्या गाडीची वेळ. तिथे हसण्याचा प्रश्न कधी आला नाही. आणि त्याचा मला आजवर अभिमान होता.

शनिवार, ८

सापडलं!

तीन दिवस मी स्वतः डोकी मोजतोय आणि संध्याकाळी वही बघतोय. बुधवारी चार माणसं, वहीत पाच. गुरुवारी पाच माणसं (कंडक्टरची सून आली होती), वहीत सहा. काल तीन, वहीत चार. रोज बरोबर एक जास्त. मागची पानं चाळली. मावशी नावंही लिहिते, खाली बारीक अक्षरात. नावं मोजली. पहिली दोन वर्षं सोडली तर पुढची एकवीस वर्षं, एकही दिवस न चुकता, नावांपेक्षा आकडा एकाने मोठा.

म्हणजे खरी सरासरी चार पूर्णांक चार. खोली गेली.

चिटणीस साहेबांना फोन केला. ते इतके खूश झाले की त्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी पुन्हा केली. "खोट्या नोंदी, एकवीस वर्षं! एवढं एक वाक्य अहवालात आलं की झालं," म्हणाले. "तुम्ही सोमवारी नाहीतर मंगळवारी पाठवा."

खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. झाला असणारच. फोन ठेवल्यावर मी लॉजच्या खोलीत बसून दोन केळी खाल्ली आणि बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिलो. बहुधा प्रवासाचा शीण.

सोमवार, १०

अहवाल पाठवण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकावं, असा आमचा नियम आहे. तो पाळायला गेलो, हीच चूक.

वही उघडून तिच्यासमोर ठेवली. "मावशी, शुक्रवारी कोण कोण होतं?"

"मी, टायरवाला, शिंपीण."

"म्हणजे तीन. इथे चार लिहिलंय."

"हो की. चार."

"चौथं कोण?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळेत बाईंनी पाढे विसरलेल्या पोराकडे पाहावं. मग दार बंद आहे का बघितलं, जणू मला लाज वाटू नये म्हणून, आणि हळूच म्हणाली, "साहेब, आपण कुणाला भेटायला जमतो?"

माझं बोट वहीतल्या चारवरच होतं.

"तो आला नसता तर सभा कसली? आम्ही तिघं चहा पिऊन उठलो असतो. मग मी तीन लिहिलं असतं."

माझ्या हुद्द्याच्या माणसाला यावर हसता येत नाही आणि रागावताही येत नाही. मी म्हटलं, मावशी, हजेरी माणसांची असते. ती म्हणाली, अर्जावर तसं कुठे लिहिलंय? मी अर्ज काढला. खरंच लिहिलेलं नाही. 'प्रार्थनेस उपस्थित : एकूण.' एवढंच.

कोपऱ्यात आधीपासूनच बसलेला कंडक्टर म्हणाला, "मी सांगू का, साहेब? चाळीस वर्षं मोजलीत माणसं. गर्दीतसुद्धा चुकलो नाही. इथे एक जास्त भरतो. तिकीट मात्र काढत नाही."

"तुम्ही मध्ये पडू नका," मी म्हटलं.

मग माझी नजर चार वर्षांपूर्वीच्या एका पानावर गेली. सलग पाच दिवस एकही नाव नाही आणि आकडा एक. एक. एक. एक. एक.

"हे काय आता? इथे तर कुणीच नाही!"

"मी डोळ्यांच्या ऑपरेशनला गेले होते. हे दोघं-तिघं मला बघायला इस्पितळात यायचे. खोलीला कुलूप होतं."

"कुलूप होतं. मग एक कसला?"

"कुलूपबंद खोलीत यायची त्याला सवय आहे, साहेब. शिष्य दारं लावून बसले होते तेव्हाही आलाच होता की," ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला गेली.

बाहेर पडताना शिंपीण दुकानाच्या पायरीवर बसली होती. मी विचारलं, "तुम्ही एकवीस वर्षं येताय. बाप्तिस्मा का नाही घेतला?" तिने तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत टोचल्या. "अजून ठरवतेय. घाई आहे का काही?"

"मावशी काही म्हणत नाहीत?"

"मावशी म्हणतात, मला घाई नाही, त्याला असेल तर तो तुलाच सांगेल." मग माझ्या शर्टाकडे पाहून म्हणाली, "तुमचं वरून दुसरं बटण लोंबतंय. काढा, लावून देते." मी म्हटलं, नको. हे पाहणीच्या शिस्तीत बसत नाही.

मंगळवार, ११

लॉजच्या मॅनेजरने सकाळी दार वाजवलं. म्हणाला, "साहेब, तक्रार म्हणून नाही, पण आंघोळीच्या वेळी गाणं जरा हळू म्हटलंत तर बरं. खालच्या मजल्यावर ऐकू येतं."

मी त्याला सांगितलं की मी गात नाही. शेजारच्या खोलीतला असेल. तो म्हणाला, शेजारची खोली आठवडाभर रिकामी आहे. माणसं आपली चूक कधी कबूल करत नाहीत.

अहवाल आज पाठवला नाही. आकडे पुन्हा एकदा तपासलेले बरे.

बुधवार, १२

आज जे घडलं ते मी फक्त इथेच लिहितो.

टायरवाल्याचं फोरमनशी भांडण झालेलं होतं. मान खाली घालून, काळे हात जोडून, तो त्याच्या हॉर्नच्या आवाजात म्हणाला, "प्रभू, आमच्या फोरमनला चांगली बुद्धी दे. ती यायला वेळ लागणार असेल तर तोपर्यंत त्याची बदली दे. बदलीही जमत नसेल तर मला बहिरा कर. पण डावाच कान कर, प्रभू, तो त्याच बाजूने येतो."

खोलीत शांतता. आणि त्या शांततेत माझ्या नाकातून एक आवाज आला.

मी ताबडतोब खोकलो. चांगला खोकलो, तीनदा. रुमाल काढला. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही; सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि सगळ्यांचे खांदे हलत होते. मावशी तशाच अवस्थेत म्हणाली, "प्रभू, साहेबांचा खोकला बरा कर," आणि मग तर कंडक्टर खुर्चीवरून घसरायचाच बाकी राहिला.

आमेन झाल्यावर टायरवाला म्हणाला, "आज आधी कोण हसलं?"

"मला खोकला आला," मी म्हटलं.

"अर्थात," शिंपीण म्हणाली.

मी फाइल उचलून निघालो. दारातून मागे वळून पाहिलं तेव्हा मावशी पाटीवर खडूने काहीतरी लिहीत होती. कप कुणी विसळले ठाऊक नाही.

एक गोष्ट मात्र नमूद करतो. त्या गोंधळात मी सवयीने डोकी मोजली. सहा आली. मावशी, टायरवाला, शिंपीण, कंडक्टर, सून : पाच. पुन्हा मोजली. सहा. मी स्वतःलाच मोजत असणार, दुसरं काय. पण मी स्वतःला कधीच मोजत नाही, ती माझी पक्की पद्धत आहे. चष्म्याचा नंबर बदलला असावा.

गुरुवार, १३

आज मावशीला विचारलं, खोली गेली तर पुढे काय.

"आश्रमात जाईन. खोली चांगली आहे म्हणतात. खिडकी आहे." कप पुसता पुसता ती थांबली. "भीती वाटते मला, साहेब. खोटं कशाला बोलू. मरायची नाही वाटत. तिथे चार वाजून दहा मिनिटांनी मला कुणाचा आवाज येईल, याची वाटते. आणि ही माणसं चारला पाळी सुटल्यावर सरळ घरी जातील, याची जास्त."

मी म्हटलं, "देव आश्रमातही असेल."

"त्याची काळजी मी करतच नाही हो. तो कुठेही राहील. त्याला घर लागत नाही, मला लागतं."

मग मी तो प्रश्न विचारला जो रीतसर पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता : तेवीस वर्षं तुम्ही इथे नेमकं केलंत काय?

ती म्हणाली, "मीही तुमच्यासारखेच रकाने घेऊन आले होते. पहिली दोन वर्षं रस्त्यावर उभी राहून पत्रकं वाटली. लोक मला बघून पलीकडच्या बाजूने जायचे. माझं मलाही माझ्यासमोरून जावंसं वाटेना. एक दिवस दुपारी दमले, दार उघडं टाकलं आणि बसले त्याच्याशी बोलत. मागायचं काही नव्हतं. मागून मागून कंटाळले होते. अशाच गप्पा. कशावरून तरी मला हसू फुटलं. जोरात. तेव्हा ही शिंपीण नवीनच आलेली शेजारी, तिने दारातून डोकं घातलं आणि विचारलं, 'कोण आलंय गं आत?'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, ये, तूच बघ. ती अजून बघतेच आहे."

मावशी हसली. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, रागावू नका. तुम्ही त्याच्याकडे शेवटचे कधी गेलात? काम नसताना?"

मी रागावलो. हा माझा खाजगी प्रश्न आहे आणि मी इथे पाहणी करायला आलो आहे, करून घ्यायला नाही, असं काहीसं बोललो. उठलो तेव्हा गुडघा टेबलाला लागला. टेबल हललं नाही. पत्रकांचा हा एक उपयोग मानावा लागेल.

शुक्रवार, १४

गेलो नाही. दिवसभर लॉजमध्ये अहवाल लिहीत बसलो. 'सदर केंद्राच्या नोंदी' इथपर्यंत चार वेळा लिहून चार वेळा कागद फाडला.

चार वाजून दहा मिनिटांनी घड्याळाकडे लक्ष गेलं. केवळ योगायोग.

बायकोचा फोन. म्हणाली, "आवाज असा का येतोय? भांडलात का कुणाशी?"

"नाही. कामात आहे. तुला आठवतं का, मी पूर्वी गायचो?"

पलीकडे तिने टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

"लग्नाआधी आमच्या गल्लीत सायकलवरून गात यायचात," ती म्हणाली. "भजनं. आई म्हणायची, याला एक तर देव भेटलाय नाहीतर ब्रेक नाहीत."

"मग बंद कधी झालं?"

"मला काय विचारता? तुमच्याकडे सगळ्याच्या नोंदी असतात."

तिने फोन ठेवल्यावर मी शर्ट बदलायला काढला. बटण तुटून पडलं. शोधायला वाकलो, गुडघे टेकले, पलंगाखाली पाहिलं. सापडलं नाही. तसाच थोडा वेळ गुडघ्यांवर राहिलो, उठायला त्रास होतो म्हणून. तिथे असताना काही बोललो का, ते इथे लिहीत नाही. मागितलं काही नाही.

शनिवार, १५

अहवाल पाठवला. सरासरी उपस्थिती : पाच पूर्णांक चार. शेरा : नोंदी तपासल्या, बरोबर आहेत.

अकराच्या सुमाराला चिटणीस साहेबांचा फोन. हे संभाषण मी जसंच्या तसं उतरवून ठेवतो, कारण नोकरी गेली तर नातवंडांना वाचायला हवं.

"पाच पूर्णांक चार? अहो, तुम्हीच म्हणालात ना, रोज एक जास्त धरलाय म्हणून?"

"धरलाय, साहेब."

"कुणाला?"

"प्रभूला."

पलीकडे खुर्ची करकरली. मग, "मग वजा करा त्याला!"

"करतो. फक्त आपल्या सहीची एक ओळ पाठवा. सदर केंद्रात सदर काळात प्रभू उपस्थित नव्हता. जावक क्रमांक घालून."

"थट्टा करताय माझी?"

"नाही साहेब. हजर दाखवलेल्याला गैरहजर करायचं तर लेखी आधार लागतो. तो नियम आपणच केलाय."

"अहो, तो तर सगळीकडेच असतो!"

"मग प्रश्नच मिटला."

"असतो, पण मोजायचा नसतो!"

"का?"

हा 'का' मी उद्धटपणे विचारला नाही. मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. साहेबांनाही बहुधा माहीत करून घ्यावंसं वाटलं असावं, कारण ते दोनदा 'कारण' म्हणाले आणि दोन्हीदा पुढे काही आलं नाही.

मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि उद्या सगळ्याच केंद्रांनी एकेक वाढवला तर?"

"वाढवू दे. फक्त लिहिण्याआधी खात्री करायला सांगा. साहेब, आपल्या समितीत सात जण बसतात. इतिवृत्तात सात लिहिलं जातं. इतक्या वर्षांत आठ लिहावं असं एकदा तरी वाटलं का कुणाला?"

फोन बंद झाला. बसून करायचं काम त्या क्षणी दुसऱ्या कुणाच्या तरी गुडघ्यांकडे गेलं.

पेनाचं टोपण दोनदा चुकीच्या टोकाला लावलं. वय.

सोमवार, १७

मुख्य कार्यालयातल्या टंकलेखिकेने खबर दिली. ती समितीच्या बैठकीत कोपऱ्यात बसून सगळं टिपते, त्यामुळे तिच्याइतकं खरं कुणी सांगत नाही.

चिटणीस साहेबांनी ठराव मांडला : सदर आकड्यातून एक वजा करण्यात यावा. अध्यक्ष म्हणाले, ठरावाला अनुमोदन कोण देतं? खजिनदारांनी चष्मा पुसायला घेतला. महिला प्रतिनिधींनी पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. चर्चचे एक पाळक होते, ते डोळे मिटून बसले, म्हणजे प्रार्थना करताहेत असं वाटावं. शेवटी अध्यक्ष हळूच म्हणाले, "हे असं कागदावर घालायचं म्हणजे... उद्या वर गेल्यावर दाखवतील आपल्याला तो कागद."

अनुमोदक मिळाला नाही. ठराव बारगळला. केंद्र चालू. नियमाचा फेरविचार करायला उपसमिती नेमली आहे. म्हणजे आमच्या हयातीत तरी काही व्हायचं नाही.

टंकलेखिका शेवटी म्हणाली, "आणखी एक सांगू? आज मी इतिवृत्तात उपस्थिती लिहायला घेतली आणि अध्यक्ष म्हणाले, ती जागा आत्ता कोरी ठेवा."

मंगळवार, १८

उद्या पहाटेची गाडी. आज शेवटचं गेलो, वेळेआधी.

मावशीला बातमी सांगितली. ती खुर्चीवर बसली, पदराने तोंड पुसलं, मग तेच तेच मेज तीन वेळा पुसलं. शिंपिणीच्या टाचण्या तोंडातून काढायच्या राहिल्या होत्या, तशीच रडत होती; मला भीती की गिळते एखादी. टायरवाल्याने माझा हात धरून हलवला आणि माझा कफ काळा झाला. कंडक्टर म्हणाला, "चला, पुढच्या स्टॉपपर्यंत तरी झालं," आणि उगाच खिडकी उघडायला गेला.

चहा आला. मला पुन्हा बिनकानाचा कप. या वेळी मी विचारलंच, "मावशी, पंधरा दिवस झाले. मला कानवाला कधी मिळणार?"

"तो पाहुण्यांचा कप आहे," ती म्हणाली. "एका हाताने धरता येत नाही ना. माणूस आला की हातातलं खाली ठेवावं लागतं. मग जरा बसतो."

मी फाइलकडे पाहिलं. ती खालीच होती. कधी ठेवली ते आठवत नाही.

प्रार्थना झाली. आज कुणी हसलं नाही. एकदा टायरवाल्याने फोरमनचं नाव काढलं तेव्हा धोका होता, पण त्याने फोरमनसाठी चांगलंच मागितलं आणि सगळे चाट पडले. आमेन झाल्यावर नेहमीचा गलका सुरू झाला. मावशी वही घेऊन बसली.

"साहेब, आज किती लिहू? तुम्हाला धरू नका म्हणालात म्हणून विचारते."

मी उठलो. मोरीजवळ गेलो. पाटीवर टायरवाल्याच्या नावापुढे तेरा होते. त्याच्या खाली, गेल्या बुधवारपासून तसंच राहिलेलं : साहेब — १ (खोकला).

मी कोट काढून खिळ्याला अडकवला, बाह्या वर केल्या आणि नळ सोडला. सगळे कप विसळले. बिनकानाचा शेवटी, दोन्ही हातांनी. मग ओल्या अंगठ्याने पाटीवरची ती ओळ पुसली.